'प्रायोरिटी' मागितली, 'इमर्जन्सी' म्हणालेच नाहीत

आमच्या बाबांची जुनी स्कूटर होती. ती रस्त्यात आचके द्यायला लागली की बाबा न थांबता पायापाशी हात घालून कॉक फिरवायचे, म्हणजे गाडी रिझर्व्हला लागली. रिझर्व्हपण संपलं की मग स्कूटर एका बाजूला आडवी करायची, टाकीच्या कोपऱ्यात अडकलेलं घोटभर पेट्रोल पाइपाच्या तोंडाशी यायचं आणि तेवढ्यावर पंप गाठायचा. नाही गाठला तर ढकलत. ही आडवी स्कूटर जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

परवा गप्पा मारताना कुणीतरी म्हणालं की एवढं कोट्यवधीचं विमान, त्यात पेट्रोल संपून पडतं म्हणजे काय चेष्टा आहे का, काटा बघत नाहीत का ही माणसं? प्रश्न बरोबरच आहे. आणि उत्तर असं की काटा बघतात, नीट बघतात, बहुतेक वेळा सगळ्यांना माहीत असतं की संपत आलंय. तरी संपतं. कसं, ते सांगायला मला एक अपघात सगळ्यात जास्त पटतो, म्हणून तोच घेऊन बसतो, २५ जानेवारी १९९० चा, एव्हियान्का फ्लाइट ५२, कोलंबियाहून न्यूयॉर्कला जाणारं बोइंग ७०७.

पण आधी थोडं विमानात इंधन किती भरतात याबद्दल. टाकी फुल्ल करून निघायचं असं विमानात सहसा नसतं. कारण वजन. हरिश्चंद्रगडाला जाताना सॅकमध्ये पाच लिटर पाणी भरलं की त्या ओझ्यानेच जास्त तहान लागते, तसंच. लांबच्या फ्लाइटला एक टन इंधन जादा घेतलं तर दर तासाला त्यातलं साधारण तीन-चार टक्के ते जादा वजन वाहून नेण्यातच जळतं, म्हणजे सात-आठ तासांत पाव टन गेलंच. वर उतरताना किती वजन चालतं यालाही मर्यादा असते. म्हणून हिशोब करून भरतात. प्रवासाला लागेल तेवढं, त्यावर वारा-बिरा उलटा निघाला तर म्हणून थोडं, मग ठरलेल्या ठिकाणी उतरता आलं नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंत जायला पुरेल एवढं (मुंबईला निघालेल्या विमानाचं हे दुसरं ठिकाण कधी अहमदाबाद असतं, कधी गोवा), आणि या सगळ्याच्या तळाशी शेवटची अर्ध्या तासाची रिझर्व्ह. जेटला ही रिझर्व्ह म्हणजे विमानतळावर १५०० फुटांवर ३० मिनिटं घिरट्या घालता येतील एवढं इंधन. ती वापरायची नसते. ती हातात ठेवूनच उतरायचं असतं.

आणि हे सगळं लिटरमध्ये नाही, किलोत किंवा पौंडात. विमानाचं इंधन म्हणजे आपल्या रॉकेलचाच शुद्ध केलेला भाऊ, ते गरम झालं की फुगतं, थंड झालं की आकसतं, लिटर बदलतात पण वजन बदलत नाही आणि इंजिनला त्या वजनाशीच मतलब.

तर एव्हियान्का ५२. बोगोटाहून निघालं, मेडेलिनला थांबलं, तिथून न्यूयॉर्कच्या वेळेप्रमाणे दुपारी ३:०८ ला उडालं. विमानात १५८ माणसं. इंधन हिशोबाप्रमाणे होतं, जेएफके, म्हणजे न्यूयॉर्कच्या विमानतळापर्यंत पोचून वर बराच वेळ काढता येईल एवढं. कमी भरून निघाले असं अजिबात नाही, हे सांगायला हवं, कारण बातम्या वाचून आपल्याला वाटतं की कुणीतरी कंजुषी केली असणार. पर्यायी विमानतळ बॉस्टन.

त्या संध्याकाळी अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर धुकं, ढग पार खाली, वारा, आणि जेएफकेवर विमानांची रांग. मुंबईत पावसाळ्यात तुम्ही उतरायच्या आधी अर्धा तास घिरट्या घालत बसला असाल तर तुम्हाला हा प्रकार माहिती आहे, खिडकीतून तोच ढग तिसऱ्यांदा दिसतो. याला होल्डिंग म्हणतात. एव्हियान्काला तीनदा होल्ड केलं, आधी व्हर्जिनियातल्या नॉरफोकजवळ १९ मिनिटं, मग न्यू जर्सीच्या किनाऱ्याजवळ २९ मिनिटं, मग जेएफकेच्या अलीकडे आणखी २९. एकूण १ तास १७ मिनिटं. म्हणजे आधी 'वारा उलटा' वालं इंधन गेलं, मग बॉस्टनसाठी ठेवलेलं संपायला लागलं.

इथे पहिली चूक, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. या सव्वा तासात कॉकपिटमधल्या तिघांपैकी (कॅप्टन, को-पायलट आणि फ्लाइट इंजिनिअर) कुणी कंपनीच्या डिस्पॅचरला, म्हणजे जमिनीवरून फ्लाइटवर लक्ष ठेवणाऱ्या माणसाला, विचारलं नाही की बाबा बॉस्टनचं हवामान काय, आम्ही आत्ताच वळावं का. विचारलं असतं तर कळलं असतं की बॉस्टनचंही काही खरं नव्हतं. रात्री पावणेनऊला कंट्रोलरने, म्हणजे जमिनीवरून विमानांना वाट दाखवणाऱ्याने, सांगितलं, ९:०५ पर्यंत थांबावं लागेल. तेव्हा को-पायलट रेडिओवर म्हणाला की मला वाटतं आम्हाला प्रायोरिटी लागेल. कंट्रोलरने विचारलं, किती वेळ थांबू शकता? तो म्हणाला, पाच मिनिटं, तेवढंच. पर्यायी विमानतळ कुठला? बॉस्टन होतं पण आता तिथे जाता येणार नाही, इंधन संपतंय.

आता बघा गंमत कशी होते, गंमत कसली म्हणा. कंट्रोलरच्या शेजारी त्याचा मदतनीस कंट्रोलर बसलेला, त्याने 'पाच मिनिटं' ऐकलं आणि लगेच फोन उचलून पुढच्या केंद्राला कळवलं की एव्हियान्का पाचच मिनिटं थांबू शकेल, घेता का? तिकडून उत्तर आलं, वेग कमी करायला सांगा, घेतो. हा फोन चालू असतानाच रेडिओवर ते बॉस्टनचं आणि इंधनाचं वाक्य येऊन गेलं, आणि मदतनीसाच्या कानावर ते पडलंच नाही. पुढच्या कंट्रोलरला मिळालं काय, तर 'हे विमान जास्त थांबू शकत नाही'. का थांबू शकत नाही, हे वाटेत गळालं. मग पुढच्या माणसाने काय केलं, त्याला इतर विमानांसारखंच रांगेत घेतलं, वळणं देत देत. त्याचं तरी काय चुकलं.

आणि मूळ शब्दच बघा. प्रायोरिटी. दवाखान्यात खच्चून गर्दी आहे आणि तुम्ही काउंटरवर जाऊन म्हणालात, 'ताई, जरा आमचा नंबर लवकर लावता का', तर ताई मान हलवेल आणि तुम्ही बसाल. 'यांच्या छातीत कळ येतेय' म्हणालात तर ती खुर्चीतून उठेल. दोन्ही वाक्यांचा हेतू एकच, पण पहिलं वाक्य ती दिवसातून पन्नास वेळा ऐकते. अमेरिकन कंट्रोलरच्या नियमात 'इमर्जन्सी' आणि 'मेडे' (रेडिओवरची 'वाचवा' अशी हाक) हे शब्द असे होते की ते ऐकले की बाकीची विमानं बाजूला सारायची. 'प्रायोरिटी' या शब्दाला तसा काही वेगळा अर्थच नव्हता. कोलंबियन क्रूच्या मनात मात्र तो बहुतेक पुरेसा होता. चौकशीत असंही निघालं की खुद्द बोइंगच्या एका जुन्या सूचनापत्रकात इंधन कमी असेल तर 'प्रायोरिटी' मागावी असंच लिहिलेलं होतं. म्हणजे त्याने शब्द हवेतून काढला नव्हता, कुठेतरी शिकलेला होता. मला म्हणून को-पायलटवर सगळं ढकलणाऱ्यांचा जरा रागच येतो.

जरा, सगळा नाही. कारण पुढचं ऐका.

नऊच्या पुढे ते जेएफकेच्या रनवे २२ लेफ्टकडे उतरायला निघाले. जमिनीजवळ वारा एकदम बदलणारा, विमान ठरलेल्या उताराच्या रेषेखाली गेलं, कॉकपिटमध्ये धोक्याची घोषणा वाजत राहिली. जमिनीपासून दोनेकशे फुटांवर आले तरी कॅप्टन विचारतोय, रनवे कुठाय? दिसेना. ९:२३ च्या सुमाराला त्यांनी उतरणं सोडून परत वर घेतलं, याला गो-अराउंड म्हणतात. एरवी ही एकदम साधी, सुरक्षित गोष्ट आहे, तुमच्या विमानाने केलं तर घाबरू नका, उलट पायलटचं कौतुक करा. पण गो-अराउंडला पूर्ण ताकद लागते आणि इंजिनं ढसाढसा इंधन पितात.

आता ती आडवी स्कूटर आठवा. टाकीत तळाशी थोडंसं उरलेलं असताना विमानाचं नाक वर केलं की ते इंधन मागे सरकतं, पंपाचं तोंड उघडं पडतं आणि इंजिन हवा ओढायला लागतं. म्हणजे काट्यावर इंधन दिसतंय आणि इंजिनला मिळत नाहीये. स्कूटरला आपण आडवी करून पेट्रोल पाइपाकडे आणत होतो, इथे नेमकं उलटं. याच भीतीमुळे जेएफकेकडे खाली येत असतानाच फ्लाइट इंजिनिअरने सहकाऱ्यांना आठवण करून दिलेली की कुठल्याही टाकीत हजार पौंडाच्या आत इंधन असेल तर गो-अराउंडला नाक फार उचलायचं नाही, ताकद एकदम द्यायची नाही. म्हणजे आकडे काय आहेत हे त्याला पक्कं माहीत होतं. तिघांनाही.

मग कॅप्टन को-पायलटला म्हणतो, त्यांना सांग आपण इमर्जन्सीत आहोत. को-पायलट रेडिओचं बटण दाबतो आणि आधी कंट्रोलरने दिलेली दिशा नीट परत म्हणून दाखवतो, आणि शेवटी जोडतो, 'आम्ही परत प्रयत्न करू, आमचं इंधन संपतंय.' कंट्रोलर म्हणतो, ओके. कॅप्टन परत विचारतो, सांगितलंस का त्याला? हो सर, सांगितलं. कॅप्टनला इंग्रजी पुरेसं कळत नव्हतं, शिवाय तो वैतागून म्हणत होता की जरा मोठ्याने सांगा, मला ऐकू येत नाहीये. म्हणजे त्याला खरंच वाटलं की इमर्जन्सी जाहीर झाली. आणि को-पायलटला खरंच वाटलं असणार की 'इंधन संपतंय' म्हणजे इमर्जन्सीच की, अजून काय सांगायचं.

पण ऐकणाऱ्याच्या बाजूने विचार करा. सगळ्याच विमानांचं इंधन सदानकदा 'संपत' असतं. आणि इथे ते वाक्य कसं आलं, तर दिशा, मग पुन्हा प्रयत्न, आणि शेपटीला जाता जाता इंधन. आवाजात घाई नाही. जेवायला बसल्यावर मीठ मागावं तसं.

मग कंट्रोलर म्हणतो, मी तुम्हाला ईशान्येला सुमारे पंधरा मैल नेतो आणि मग परत रांगेत वळवतो, तुम्हाला आणि तुमच्या इंधनाला चालेल ना? हा प्रश्न म्हणजे दार उघडून दिल्यासारखं होतं. तिथे नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. को-पायलट म्हणाला, 'चालेल असं वाटतं, थँक यू व्हेरी मच.' कॅप्टन विचारतो, काय म्हणाला तो? तेव्हा फ्लाइट इंजिनिअरने जे उत्तर दिलं ते रेकॉर्डिंगमध्ये आहे, की तो माणूस चिडलाय.

मला हे वाक्य कधी विसरता येत नाही. न्यूयॉर्कचा कंट्रोलर फटाफट, तुटक बोलतो, एकावेळी कितीतरी विमानं सांभाळतोय, चिडलेला असेलच असं नाही. पण साडेसहा तास विमानात, धुक्यात, परक्या भाषेत बोलणाऱ्या माणसाला तो चिडल्यासारखा ऐकू येतो, आणि चिडलेल्या साहेबापुढे आपण काय करतो, तर आणखी नम्र होतो. सरकारी ऑफिसच्या खिडकीवर उभं राहून 'ठीक आहे सर, उद्या येतो' म्हणत परत फिरलेल्या कुणालाही हे समजावून सांगायची गरज नाही.

९:३२ च्या सुमारास इंजिनं विझायला लागली. ती एकदम सगळी जात नाहीत, ज्या टाकीत आधी संपतं ते आधी. को-पायलटने रेडिओवर सांगितलं की आमची दोन इंजिनं गेली आणि आम्हाला प्रायोरिटी हवीय. तेव्हासुद्धा प्रायोरिटीच.

इंजिन नसलं तरी विमान दगडासारखं पडत नाही, तरंगत पुढे जातं, पण त्यासाठी उंची लागते. एव्हियान्काकडे जेमतेम हजारेक मीटर उंची होती आणि ती रात्र होती. जेएफकेपासून सुमारे २५ किलोमीटरवर, लाँग आयलंडच्या उत्तर किनाऱ्यावर कोव्ह नेक नावाच्या छोट्या गावात झाडीच्या टेकडीवर ते आदळलं. ७३ माणसं गेली, त्यात कॉकपिटमधले तिघंही. ८५ वाचली. आग लागली नाही. लागायला काही उरलंच नव्हतं. गावातला रस्ता अरुंद, अँब्युलन्सना तिथे पोचायलाच वेळ लागला.

अमेरिकेच्या चौकशी मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, मुख्य ठपका क्रूवर ठेवला, इंधनाचं नियोजन नाही आणि वेळेत इमर्जन्सी सांगितली नाही म्हणून. पण सोबत हेही लिहिलं की विमानांची गर्दी हाताळण्यात गडबड झाली, आणि इंधन कमी असण्यासाठी सगळ्यांना एकसारखे कळतील असे ठरलेले शब्दच नव्हते. हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

फक्त परकी भाषा हेच कारण, असं म्हणून मात्र सुटता येत नाही. २८ डिसेंबर १९७८ ला अमेरिकेतल्या पोर्टलंडला युनायटेड एअरलाइन्सचं फ्लाइट १७३ असंच इंधन संपून पडलं, क्रू अमेरिकन, कंट्रोलर अमेरिकन, भाषा एकच. चाकं नीट खाली आलीत का या शंकेपायी कॅप्टन जवळपास तासभर घिरट्या घालत बसला, इंधन उतरतंय हे बाकीचे दोघं सांगत होते पण हळू आवाजात, आडून आडून. १८९ पैकी १० माणसं गेली. या अपघातानंतर कॉकपिटमध्ये ज्युनिअरने सीनिअरला ठणकावून कसं सांगायचं, आणि सीनिअरने ते ऐकून कसं घ्यायचं, याचं रीतसर ट्रेनिंग सुरू झालं. आज जगभर पायलटांना ते करावंच लागतं.

कधी माणसांचं बोलणं नाही तर आकडेच दगा देतात. १९८३ मध्ये एअर कॅनडाच्या नव्याकोऱ्या ७६७ मध्ये इंधनाचे काटे बंद होते, म्हणून हाताने हिशोब केला आणि लिटरचे किलो करताना पौंडाचा गुणक वापरला. झालं, हवं त्याच्या निम्म्याहून कमी इंधन. ४१,००० फुटांवर असताना इंधन संपत आलं आणि दोन्ही इंजिनं एकामागून एक बंद पडली. उंची होती आणि कॅप्टनला ग्लायडर उडवायचा सराव होता, म्हणून गिमली नावाच्या जुन्या हवाईदलाच्या धावपट्टीवर उतरवलं, जिथे त्या दिवशी गाड्यांच्या शर्यती चालू होत्या. कुणीही दगावलं नाही.

आपल्याकडेही झालंय. नोव्हेंबर १९९३ मध्ये मद्रासहून हैदराबादला गेलेलं इंडियन एअरलाइन्सचं एअरबस ए३०० खराब दिसण्यामुळे उतरू शकलं नाही, परत मद्रासला निघालं, पण पंखांचे फ्लॅप्स, म्हणजे उडताना-उतरताना पंखातून बाहेर काढायच्या पट्ट्या, आत जाईनात. फ्लॅप्स बाहेर ठेवून उडणं म्हणजे सायकल चालवताना छत्री उघडून धरणं, ताकद खूप जास्त लागते. इंधन संपलं, पायलटने तिरुपतीजवळ भातशेतात उतरवलं. सगळे वाचले.

इंधनासाठी ठरलेले शब्द आता आहेत, पण यायला वेळ लागला. २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमात दोन पायऱ्या पक्क्या केल्या. 'मिनिमम फ्यूएल' म्हणालं की अर्थ असा, आता इथेच उतरणार, आणखी उशीर झाला तर शेवटच्या अर्ध्या तासाच्या रिझर्व्हला हात लागेल. आणि त्या रिझर्व्हला हात लागणारच असं हिशोबात दिसलं की 'मेडे मेडे मेडे फ्यूएल'. म्हणजे इंजिनं विझेपर्यंत वाट बघायची नाही, अर्धा तास हातात असतानाच ओरडायचं.

नियम होऊन चार वर्षं झाली होती. २८ नोव्हेंबर २०१६ ला बोलिव्हियाच्या सांताक्रूझहून लामिया कंपनीचं एक विमान शापेकोएन्से या ब्राझिलियन फुटबॉल टीमला फायनलसाठी घेऊन निघालं. फ्लाइट प्लॅनवर प्रवासाचा वेळ लिहिला होता ४ तास २२ मिनिटं, आणि टाकीतलं इंधन किती वेळ पुरेल तेही ४ तास २२ मिनिटं. म्हणजे पर्यायी विमानतळाचं नाही, रिझर्व्ह नाही, काहीच नाही, स्कूटर घरून निघतानाच रिझर्व्हवर. पोचायचं होतं मेडेलिनच्या रिओनेग्रो विमानतळावर, एव्हियान्का ५२ शेवटचं जिथून उडालं तोच विमानतळ. तिथे इंधनगळतीचा संशय असलेलं दुसरं एक विमान आधी उतरत होतं, म्हणून यांना थांबायला सांगितलं. पायलटने रेडिओवर सांगितलं, इंधनाचा प्रॉब्लेम आहे. यावेळी दोन्हीकडे स्पॅनिशच होती. आणि त्याने मागितली ती प्रायोरिटी. इमर्जन्सी हा शब्द आला तेव्हा उशीर झाला होता. ७७ पैकी ७१ माणसं गेली. विमान डोंगरावर आदळलं, आणि तिथेही आग लागली नाही.